पाण्यातली बाभळ

सूनबाईनं पहिल्या दिवशी काढलेलं आभाळ निळंशार होतं आणि त्यात कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे ढग होते. खाली तीन हिरवे डोंगर, त्यांची टोकं पांढरी. मधून नदी. नदीकाठी उतरत्या कौलांची दोन घरं आणि चार नारळ. मला बोलावून म्हणाली, कसं वाटतं, आत्या? मी विचारलं, हे कुणाचं गाव. ती म्हणाली, आपलं जुनं गाव.

मी म्हणाले, आपल्या गावात नारळ मारुतीपुढं फुटायचा, झाडाला कधी लागला नाही.

ती रागावली नाही. माझी सून रागावत नाही, मनात ठेवते. नळदुर्गला फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते. वाढदिवसाचे बोर्ड, दहाव्याचे बोर्ड, निवडणुकीचे बोर्ड. मेलेल्या माणसाच्या मागं ढग लावायचे आणि वाढदिवसवाल्याच्या मागं वाघ, एवढं तिचं काम मला कळलेलं होतं. मुलगा माझा ट्रक चालवतो, पंधरा दिवसांनी घरी येतो. घरात आम्ही दोघीच. दुकानातून आली की ती लॅपटॉप उघडून बसते. शेजारी एक काळी पाटी असते, तिच्यावर शाई नसलेलं पेन फिरवायचं आणि उमटायचं समोर. मी चौथीपर्यंत पाटीवरच शिकले, पण आमच्या पाटीवर हात जिथं फिरायचा तिथंच उमटायचं.

जुन्या गावाचं चित्र हवं होतं देवळाच्या कमिटीला. आमचं जुनं गाव धरणात गेलं. पाणी भरलं त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. आता आम्ही राहतो ते माळावर वसवलेलं गाव, सरळ रस्त्यांचं, बाभळीचंसुद्धा झाड नसलेलं. मारुती तेवढा आम्ही बैलगाडीतून आणला. त्या मारुतीचा सभामंडप नवा बांधला आणि मागच्या भिंतीवर जुन्या गावाचा देखावा लावायचं ठरलं. जुन्या गावाचा फोटो कुणाकडंच नाही. तेव्हा फोटो काढायला नळदुर्गला जावं लागायचं, आणि गाव काही नळदुर्गला नेता येत नव्हतं. म्हणून कमिटीनं सुनेला सांगितलं की तू काढ, आणि तिनं मला सांगितलं की तुम्ही सांगा.

मी लगेच हो म्हणाले नाही. त्याचं कारण सांगते.

त्या गावात माझी पहिली मुलगी पुरलेली आहे. मी सतरा वर्षांची होते. मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. बारसं व्हायचं होतं, म्हणून नाव नाही. दात न आलेलं लेकरू आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. आईला नेत नाहीत आणि जागाही सांगत नाहीत. सांगितली तर बाई तिथं जाऊन बसते आणि पाठची पोरं टिकत नाहीत, असं म्हणतात. माझ्या सासऱ्यानं, आबांनी, तिला खांद्यावरच्या धोतराच्या पानात गुंडाळून नेलं. बरोबर धाकटा दीर गेला, तो तेव्हा बारा-तेरा वर्षांचा होता. दोघं परत आले, बाहेरच हातपाय धुतले आणि जेवायला बसले. मी विचारलं नाही. विचारायचं नसतं.

पण मी बघितलं. पुढं मी पाण्याला जायला लागले तेव्हा ओढ्याच्या डोहाजवळ एकटी बाभळ होती, तिच्या बुडाशी बोराटीच्या काट्या पडलेल्या होत्या. तोडीव काट्या, पानं सुकलेली, वर दोन धोंडे. कुत्र्या-कोल्ह्यानं उकरू नये म्हणून काट्या टाकतात. मी घागर भरून परत आले. पुढची दहा-बारा वर्षं, गाव उठेपर्यंत, रोज दोनदा मी त्या बाभळीवरून गेले. मान वळवली नाही. नंतर चार पोरं झाली, तीन जगली. नवरा गेला, सासरे तर केव्हाच गेले. जागा खात्रीनं माहीत असलेला एकच माणूस उरला, तो दीर. शेजारच्याच घरात राहतो. सकाळी त्याचा खोकला मला ऐकू येतो. इतक्या वर्षांत मी त्याला विचारलं नव्हतं की ती बाभळीखालीच आहे ना.

तर देखावा सांगायचा म्हणजे त्या ओढ्यावरून जावं लागणार होतं. मी मनाशी ठरवलं, सगळं सांगायचं, ओढ्याचा तेवढा काठ सोडून द्यायचा.

सुनेला तीन दुपारी मिळाल्या, दुकान बंद असायचं तेव्हाच्या. दार लोटून आम्ही आत बसायचो, बाहेर उन्हाचा धूर दिसायचा. पहिल्या दुपारी तिनं माझ्या सांगण्यावरून डोंगर खाली दाबले. आमचे डोंगर वर तासल्यासारखे सपाट असतात. हिरवा रंग काढायला लावला, चैताचा माळ करडा-पिवळा असतो. मग पांढरी चढवली, म्हणजे गाव वसलं होतं तो मातीचा उंचवटा. त्यावर माळवदाची घरं, एकाला एक लागून, छप्पर सपाट मातीचं. कडब्याची गंज. पार. मारुती. मी सांगायचे, ती पेन फिरवायची, आणि जे चाळीस वर्षं पाण्याखाली होतं ते एकेक वर यायचं. एक घर काढलं की त्याची नक्कल करून शेजारी ठेवायची, थोडी लहानमोठी करून. मी म्हणाले, सगळी घरं एकसारखी नव्हती. ती म्हणाली, लांबून सारखीच दिसतात. ते खरं होतं.

तिनं मला दाखवलं की चित्र एका कागदावर नसतंच. आभाळाचा एक थर, डोंगराचा एक, घरांचा एक, झाडांचा एक, वाकळेला ठिगळांचे थर असतात तसे. प्रत्येक थराच्या नावापुढं एक बारीक डोळा काढलेला असतो. त्या डोळ्याला टोचलं की तो मिटतो आणि तो थर दिसेनासा होतो. तिनं घरांचा डोळा मिटला. गाव गेलं, नुसती पांढरी उरली. मी गाव उठलं त्या दिवशी अशीच पांढरी बघितली होती, छपराची लाकडं काढून नेल्यावर. मी म्हणाले, पुसलंस का? ती म्हणाली, "पुसलं नाही आत्या. आहे तिथंच. नुसतं दिसत नाही." आणि पुन्हा टोचून गाव आणलं.

दुसऱ्या दुपारी तिनं डोह केला. पाणी कसं करते ते मी बघत होते. डोंगर, घरं, आभाळ, सगळ्याची एक नक्कल घेतली, उलटी केली आणि खाली लावली. मग ती पुसट केली, आडव्या रेघा मारून जरा हलवली. झालं पाणी. गाव वर उभं आणि तेच गाव पाण्यात डोकं खाली करून. तिला ते छान वाटलं. मला बरं वाटलं नाही. मी उठून चहा टाकला. चहा उकळेपर्यंत माझी पाठ त्या लॅपटॉपकडं होती, आणि पाठीला ते कळत होतं.

चित्रात माणूस एकही नव्हता. मी म्हणाले, निदान पारावर दोन म्हातारे बसव. ती म्हणाली, माणसं घातली की लोक विचारतात हा कोण, तो कोण, भांडणं होतात. दुकानात ती हेच शिकलेली.

मग ती विचारायला लागली, ओढ्याच्या ह्या काठाला काय होतं. मी म्हणाले, काय नव्हतं. ती म्हणाली, काहीतरी असेल, गवत, दगड. मी म्हणाले, माती होती. तिनं मातीचा रंग भरला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मी म्हणाले, सांगितलं ना काय नव्हतं म्हणून. ती पुढचं काढायला लागली. पण मी बाकीचं फार नीट सांगून बसले होते. पारापासून पायवाट कुठं वळते, धुण्याचे दगड किती, प्यायच्या पाण्याचा झिरा कुठं. सगळं भरलेलं आणि मधेच तेवढा तुकडा मोकळा. मला तो लांबूनही दिसायला लागला.

तिसऱ्या दुपारी माझा डोळा लागला. उठले तर ती पाणी प्यायला आत गेलेली आणि लॅपटॉप उघडा. ओढ्याच्या काठावर बाभळ उभी होती.

नुसती बाभळ नाही. डोहाकडं कललेली. बुंध्यातून डावीकडची फांदी मोडलेली, तिचा खुंट राहिलेला. ती फांदी मी नवी सून असताना वीज पडून मोडली होती. मी ती कुणाला सांगितली नव्हती. माझी सून धरण भरल्यावर कितीतरी वर्षांनी जन्मली, आणि दुसऱ्या तालुक्यात.

ती पदराला हात पुसत आली. मी विचारलं, हे झाड कुणी सांगितलं तुला. ती म्हणाली, कुणी नाही, तिथं लई मोकळं दिसत होतं, म्हणून एक झाड टाकलं. ही फांदी का मोडली? तर म्हणाली, झाडाची एक फांदी मोडली की झाड खरं वाटतं, तसं आम्हाला शिकवतात. आणि पाण्याकडं कलतं केलं, कारण नजर पाण्याकडं जावी.

मी म्हणाले, काढ.

"का हो? चांगलं दिसतंय की."

"काढ म्हणलं ना."

तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि बाभळीच्या डोळ्याला टोचलं. बाभळ गेली. मी विचारलं, पुसली का मिटली? ती म्हणाली, मिटली, लागली तर असू दे.

पण मी चौथी शिकलेली असले तरी डोळे माझे चांगले आहेत. बाभळ काठावरून गेली होती, पाण्यातली तशीच होती. उलटी, पुसट, मोडक्या फांदीसकट. तिनं झाडाचीसुद्धा नक्कल करून पाण्यात लावली होती आणि त्या नकलेचा थर वेगळा होता. त्याचा डोळा मिटायचा ती विसरली. काठावर नुसती माती आणि खाली पाण्यात झाड.

मी तिला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. संध्याकाळी तिनं ते पेनड्राइव्हमध्ये घातलं आणि दुकानात नेलं. त्या रात्री मी तिच्या भाकरीला शेंगाची चटणी जास्त वाढली, एवढंच. माझ्या मनात असं होतं की कुणाला दिसणार नाही, आणि दिसलं तर फक्त एकाला दिसेल.

हनुमान जयंतीला फ्लेक्स भिंतीवर लागला. भिंतभर. मंडपात उभं राहिलं की आपण डोहाच्या ह्या काठाला उभे आहोत असं वाटायचं. पोरांनी त्याच्यापुढं फोटो काढले. म्हातारी माणसं बोटं लावून आपापलं घर दाखवायला लागली. नकलेचीच घरं सगळी, तरी प्रत्येकाला आपलं सापडलं. कमिटीचा अध्यक्ष सुनेला शाबास म्हणाला. ती माझ्याकडं बघत होती, मी शाबास म्हणते का.

दोन-तीन दिवसांनी गुरव घरी आला. देवळाची झाडलोट तोच करतो. दारातच उभा राहून म्हणाला की देखाव्यात काहीतरी चूक आहे. पाण्यात झाड आहे आणि वर नाही. पोरं म्हणतात, भूत आहे. एका बाईनं तर लेकराला मंडपात आणायचं बंद केलं. सून हातातलं काम टाकून दाराशी आली. ती म्हणाली, माझी चूक आहे, दुसरा छापून देते, सावली काढून टाकते. गुरव गेला नाही. त्याच्या पोटात आणखी काही होतं.

"ते म्हाताऱ्या बायांचं बी बघा," तो म्हणाला. "दुपारच्याला येत्यात तिघीजणी. मारुतीकडं पाठ करून बसत्यात. त्या झाडाला हळद लावत्यात. रोज पुसतोय म्या."

मी दुसऱ्या दिवशी दुपार कलताना गेले. मंडपात ऊन तिरपं आलं होतं. तिघी होत्या. मी तिघींना ओळखते, जुन्या गावच्या. भिंतीला तोंड करून बसल्या होत्या, शेजारी शेजारी. मला बघून एकीनं नुसतं सरकून जागा केली. मी बसले. समोर पाण्यात ती उलटी बाभळ, आणि तिच्या शेंड्याला हळदीची चार बोटं. म्हणजे मी एकटीच त्या काठावरून मान न वळवता गेले नव्हते. किती जणींच्या घागरी तिथून गेल्या होत्या, आणि एकीनंही दुसरीला सांगितलं नव्हतं. फ्लेक्स वाऱ्यानं जरा हलायचा आणि पाणी हलल्यासारखं दिसायचं. मला भीती वाटली. माझ्या वयाला भीती वाटत नाही असं लोकांना वाटतं.

आम्ही किती वेळ बसलो ते माहीत नाही. काठीचा आवाज आला. दीर होता. हनुमान जयंतीला तो तापानं पडून होता, देखावा त्यानं बघितला नव्हता. मंडपाच्या मधोमध येऊन उभा राहिला. आधी पांढरी बघितली, मग पार, मग नजर खाली आली आणि तिथं थांबली. तिघी बाया पदर सावरून उठल्या आणि गेल्या. गुरव गाभाऱ्यात होता.

तो काठी टेकत भिंतीजवळ सरकला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "वैनी, हे तुमी काढाय लावलं?"

मी म्हणाले, "मी न्हाय, भावजी. मी काढून टाकाय लावलं."

त्यानं मान हलवली. काठी दोन्ही हातांत धरली. मी विचार केला की आता विचारलं नाही तर हा मरेल किंवा मी मरेन. आणि विचारलं. "बाभळीखालीच ना?"

"न्हाय," तो म्हणाला. "तिथं म्या खणलं. मुरूम लागला. बारक्या हातानं किती खणणार. मग आबांनी लेकरू माज्याकडं दिलं आन् खाली, पाण्याकडच्या अंगाला, मऊ लागलं तिथं खणलं. काट्या उरल्या त्या बाभळीखालच्या खड्ड्यावर टाकल्या, वर धोंडे."

"आन् तिथं?"

"तिथं बी टाकल्या. कमी."

मग तो म्हणाला, "म्या तिला धरून उभा हुतो, वैनी. लई हलकी हुती." आणि पायरीवर बसला.

मी दहा-बारा वर्षं उरलेल्या काट्यांवरून गेले होते. आणि पाण्याकडच्या अंगाला म्हणजे पुराच्या वाटेत. मृगाला ओढा येतो तेव्हा तो डोहाचा काठ राहत नाही. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. त्याच्या पुढचं मी विचारलं नाही. देखाव्याकडं बघितलं. बाभळीचं बूड चित्रात जिथं असायला हवं होतं तिथं माती होती. आणि खाली, पाण्याकडच्या अंगाला, काठापासून चार हात आत, ती उलटी सावली. जिथं सून विसरली होती तिथं.

रात्री कमिटीचे दोघं घरी आले. सुनेनं लॅपटॉप उघडून ठेवला होता, सावलीचा डोळा मिटून नवा देखावा तयार होता. फक्त दुकानात पाठवायचा होता. अध्यक्ष म्हणाला, सकाळीच बदलून टाकू, उगाच गावात बोभाटा नको. मी म्हणाले, बदलायचा नाही. तो माझ्या मुलाच्या वयाचा आहे. म्हणाला, म्हातारे, चूक आहे ती, झाड नसताना सावली कशी राहील. मी म्हणाले, आता तिथं झाड नाही आणि पाणी आहे, तेव्हा बरोबरच आहे. तो हसला आणि सुनेकडं वळला. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून दिराचा आवाज आला. भिंत मध्ये आहे, पण तो सगळं ऐकत होता.

"राहू दे रं," तो म्हणाला. "मी हाय तवर राहू दे."

गावात त्याच्याएवढे जुने पुरुष थोडेच उरलेत, त्याचा शब्द कुणी मोडत नाही. ते दोघं चहा पिऊन गेले.

ते गेल्यावर सुनेनं मला विचारलं की आत्या, कुणाचं झाड आहे ते. मी तिला सांगितलं, वर लिहिलं आहे तेवढंच, त्याहून कमी शब्दांत. ती रडली नाही, बरं झालं. तिनं फक्त विचारलं, वरची बाभळ बघायची का. मी होय म्हणाले. तिनं डोळा उघडला. काठावर बाभळ उभी राहिली, कललेली, खुंटासकट, आणि तिच्या बुडाशी मोकळी माती. मी चष्मा लावून ती माती नीट बघितली. तिथं काही नव्हतं.

"मिट," मी म्हणाले.

देखावा अजून भिंतीवर आहे. गुरव आता हळद पुसत नाही. ह्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी बरंच उतरलं, पोरं जाऊन जुना पार मोबाइलवर टिपून आली. मला चला म्हणाली. मी गेले नाही. दीर गेला असता, पण त्याला तेवढं चालवत नाही.